कवळीआधी तोडलेली पानं

प्रिय शाम,

गणपतीत तू किन्हवलीला आमच्या घरी आलास, आरती झाल्यावर ओटीवर मला एकटीला गाठलंस आणि विचारायचं ते विचारून टाकलंस. लग्न करू, मुरबाडकडे तुझा नवा कॅम्प उभा राहतोय तो दोघं मिळून चालवू, दिवाळीच्या आत काय ते सांग. मी हो म्हणाले नाही आणि नाही पण म्हणाले नाही. तेव्हा तू म्हणालास, रंजू, तुला देवळातल्या घंटेचासुद्धा संशय येतो, मग माझा आला तर नवल काय! आई आतून हसली, मी पण हसले. पण तेव्हापासून हे पत्र मनात घोळतंय. फोनवर सांगितलं असतं तर तू मला हसवलं असतंस, आणि तू हसवलंस की माझं पुढचं बोलणं राहूनच जातं, हे शाळेपासूनचं आहे. म्हणून कागदावर लिहितेय. तुला ठाऊक असलेल्या गोष्टीही लिहिणार आहे, कंटाळू नकोस. सगळं ओळीने मांडल्याशिवाय मला दिसत नाही.

संशयी तर मी आहेच. पण हा धंदा मला कुणी शिकवला? तूच ना! पहिल्या पावसाळ्यात धबधब्यावर पाहुण्यांना दोराने उतरवायचं होतं, तेव्हा तू मला बाजूला घेऊन म्हणालास की ज्या दोरावर माणूस लटकवायचा त्या दोरावर विश्वास ठेवायचा नाही, गाठ आपण मारली असली तरी परक्याची समजून तपासायची. तेव्हापासून मी गाठीच काय, जेवणाचे डबेही उघडून बघते. होडीत बसायच्या आधी जॅकेटचा पट्टा ओढून बघते, तसा लोकांच्या बोलण्याचाही ओढून बघते. तू मला 'फौजदारीणबाई' म्हणायचास. म्हण बापडा.

किती छान चाललं होतं रे आपलं! धरणाच्या पाण्याचा तो फुगवटा, त्याला आपण तिघं तळंच म्हणायचो. तू, मी आणि कमळूदादा. तू पाहुणे आणायचास, मी कॅम्प सांभाळायचे, आणि जंगल कमळूदादाचं. पावसात धबधबे, भात कापून झालं की तळ्याकाठी तंबू आणि होड्या, थंडीत माहुली किल्ल्याची चढण, आणि उन्हाळा सरता सरता काजवे. चार महिने हाताला काम आणि आठ महिने बसून, अशी गत असलेल्या कमळूदादाच्या वाडीला वर्षभराचं काम मिळालं. कमळूदादाची बायको सोमीवहिनी नाचणीची भाकरी थापायला कॅम्पवर यायची आणि डोंबिवली-ठाण्याच्या बायकांना चुलीपाशी बसवून त्यांच्या वेड्यावाकड्या भाकऱ्यांवर पोट धरून हसायची. त्या वर्षी कमळूदादा पहिल्यांदाच वीटभट्टीवर गेला नाही, आणि त्यांची लेक सावळी शाळेत पहिल्यांदाच पूर्ण वर्ष बसली. आठवतं ना, तिचा निकाल तूच वाचून दाखवला होतास सगळ्यांना?

मग गेल्या वर्षीचा ज्येष्ठ आला. काजव्यांसाठी झुंबड उडालेली. आठ दिवस तू एकच धोशा लावला होतास, की काजवे दिसतात त्या कातळावर जायला घळीकडून जवळची वाट आहे, तिने गेलो तर एका संध्याकाळी दोन बॅचेस होतील. कमळूदादा नाही म्हणत होता. तिथले दगड ढिले आहेत, पाऊस पडल्यावर तर नकोच, असं त्याचं म्हणणं. त्या शनिवारी तो नेहमीसारखा दुपारी जाऊन वाटेवर पानं लावून आला. करवंदीच्या काट्यात पान टोचायचं, पानाची पाठ बाहेर आणि देठ जायच्या दिशेला. काजव्यांना त्रास नको म्हणून आपण टॉर्चला लाल कागद लावतो, त्या उजेडात पानाची फिकट पाठ तेवढी दिसते. पान दिसलं की विचारायचं नाही, चालायचं. हीच आपली पद्धत. पहिली बॅच घेऊन कमळूदादा पुढे गेला. तू उशिराच्या पाहुण्यांना आणायला खर्डी स्टेशनला निघालास. निघताना माझ्या हातात चहाचा कप दिलास. तुझी बोटं तांबडी झाली होती, मी विचारलं तर म्हणालास, पाटी रंगवत होतो. दुसरी बॅच माझ्याकडे होती.

मोहाच्या झाडापाशी वाट फुटते. पान डावीकडे होतं. मी डावीकडे वळले. मी, फौजदारीणबाई, जी डब्याची झाकणंही उघडून बघते, ती मी त्या पानाला एक प्रश्न विचारला नाही! पुढे अजून एक पान होतं, त्यापुढे अजून एक. मग दगड सुटला, आणि माझ्या मागून चालणाऱ्या डोंबिवलीच्या शाळेतल्या त्या बाई घळीत गेल्या. त्यांचा आवाज अजून माझ्या कानातून जात नाही. मांडीचं हाड मोडलं. झोळी करून वर काढलं तेव्हा कमळूदादाने त्यांना पाठीवर घेतलं आणि रस्त्यापर्यंत एकदाही टेकवलं नाही. त्या बाई आता काठीने का होईना चालतात, देवाची कृपा. सकाळी मीच जाऊन ती पानं काट्यांवरून ओरबाडून काढली आणि रागाने मुठीत चुरगळली. उजवीकडच्या वाटेवर पळसाची पानं तशीच होती. म्हणजे दोन्ही वाटांवर खुणा. सगळे म्हणाले, कमळूने घेतली असेल थोडी आणि घातला घोळ.

मग मारुतीच्या देवळात गाईडांना कार्ड देणारी गावची समिती बसली. तू होतास, मी होते, वाडीतली माणसं मागे खांबांना टेकून बसली होती. कमळूदादाला उभं केलं. तो एवढंच म्हणाला, डावीकडची पानं सागाची होती, ती माझी नायत. आणि खाली बसला. कुणीतरी म्हणालं, मग काय भुताची का रे? लोक हसले. मग तू उठलास. मला तुझे शब्द पाठ आहेत. कमळूदादा माणूस सोन्यासारखा आहे, पण हल्ली विसरतो, त्याला दोष देऊ नका, फक्त काही दिवस विश्रांती द्या. किती मायेने बोलला होतास! मला तर भरून आलं होतं. त्या मायेनेच त्याचं गाईडचं कार्ड गेलं.

खरं सांगू का शाम, माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली होती. पाणी कुठेतरी मुरत होतं. पण कुठे, ते कळेना, म्हणून मी चुकीच्याच जागा उकरत बसले. आधी देवजीवर संशय धरला. तळ्याच्या पलीकडे त्याचे तंबू, आपले पाहुणे पळवायला टपलेला, त्याच्या माणसांनी पानं फिरवली असतील असं मला वाटायचं. संबंध पावसाळा मी धबधब्यावर पाहुण्यांचे दोर सोडत होते आणि डोळे देवजीच्या माणसांवर होते. त्याचा एक पोरगा आपल्या वाटेने दिसला तर मी त्याची अशी काही झडती घेतली, की बिचारा खेकडे धरायला आला होता तो खेकडे टाकून पळाला. नंतर कळलं, त्या शनिवारी देवजीच्या घरी हळद होती, त्याचा एकही माणूस जागेवर नव्हता. मग मी पाहुण्यांवर घसरले. कॉलेजची पोरं होती ना पहिल्या बॅचला, त्यांनी मस्करी केली असेल. त्यांच्यातल्या एकीला फोन लावून उलटसुलट विचारलं, तर ती रडायलाच लागली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, ते माझ्यासाठीच असावं.

आणि हो, कमळूदादावरही संशय घेतला मी. लाज वाटते, पण घेतला. थंडीत तळ्याकाठी तंबू लागले, बाहेरून आणलेली दोन पोरं वाट दाखवायला ठेवली, त्यांना पायाखालची वाट दिसत नव्हती तर दुसऱ्यांना काय दाखवणार! कमळूदादा सोमीवहिनीला घेऊन भट्टीवर गेला, सावळी पण गेली, शाळा राहिली. जाण्याआधी मी त्यांच्या घरी गेले तर सोमीवहिनीने मला पाणीसुद्धा विचारलं नाही. मी म्हटलं, बघा, चोराच्या मनात चांदणं. मन खात असेल, म्हणून नजर चुकवतात. तुला फोन करून हे सांगितलं होतं मी, आठवतं? तू गप्प झालास आणि मग विषय बदललास. दिवाळीत तू त्यांच्या दारात तांदळाचं पोतं आणि नवा रेनकोट ठेवून आलास, ते मला वाडीतल्या हिराबाईने सांगितलं. मला तुझा इतका अभिमान वाटला होता रे! आईला म्हणाले, बघ, दुसरा कुणी असता तर विसरला असता. तो रेनकोट सोमीवहिनीने हात न लावता तसाच कुडावर टांगून ठेवला होता. तेव्हा मला वाटलं, किती ही घमेंड.

आता या ज्येष्ठाचं ऐक. भट्टी संपवून ती माणसं परत आली होती. मी करवंदं आणायला वाडीकडे गेले, म्हटलं त्या निमित्ताने बोलणं तरी होईल. सोमीवहिनी होती, माझ्याकडे न बघता माझ्याबरोबर करवंदं तोडत होती. पदराची ओटी भरली, मला पान हवं होतं पुडी बांधायला. समोर सागाचं कोवळं रोप होतं, मी हात घातला, तर तिने फटकन माझ्या हातावर चापट मारली. म्हणाली, बाय, त्याला हात नको लावू गो, अजून देवाला कवळी दावली नाय. मला काही कळेना. मग तिने सांगितलं, आणि ते सांगताना लहान पोराशी बोलावं तशी माझ्याकडे बघत होती. पाऊस लागला की रानात कवळीची भाजी वर येते. चांगोबाबा, म्हणजे कमळूदादाचा बाप, ती पहिली भाजी गावदेवाला दाखवतो. ते होईपर्यंत वाडीतलं कुणी सागाचं पान तोडत नाही. पोरं नाही, म्हातारी नाही, दारू प्यालेला माणूसही नाही. पळसाचं चालतं, सागाचं नाही. झाल्यावर मग काय हवी तेवढी पानं, पत्रावळी करा, घरावर घाला. आपण किन्हवलीची माणसं, भाजी बाजारातून आणून खातो, आपल्याला कुठलं माहीत!

मी म्हटलं, मग गेल्या वर्षी कवळी कधी दाखवली होती? ती म्हणाली, ती बाय पडली त्याच्या पुढच्या आठवड्यात. आणि मग तिने उलट मलाच विचारलं. म्हणाली, तुला काय नवीन सांगते मी? कमळू बोलला ना देवळात, सागाची हायत म्हणून. तुमी समद्यांनी आयकलं ना?

कळलं का तुला, शाम? कमळूदादाने सगळं सांगितलं होतं. त्याच्या लेखी त्याहून जास्त सांगायची गरजच नव्हती. सागाची पानं म्हणजे वाडीतल्या माणसाची नाहीत, हे त्याला उन्हासारखं स्वच्छ होतं. आणि वर्षभर ती माणसं हेच धरून बसली, की आम्हाला कळलंय, तरी आम्ही त्याला ढकललं. माझ्या संशयाचं मी कौतुक करत फिरत होते, आणि ती मला चोरांत मोजत होती. मी तिथेच बांधावर बसून रडले. सोमीवहिनीने मग मला पाणी दिलं. पहिल्यांदा. तरी मी कुणाचं नाव तिच्यापाशी काढलं नाही, कारण तेव्हा माझ्यापाशीही नाव नव्हतं. पान वाडीतलं नाही एवढंच कळलं होतं. ते कॅम्पवरच्या कुणी लावलं असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

आषाढात कवळी झाली. मला बोलावणं आलं होतं, मी गेले. परतताना सोमीवहिनीने सागाच्या कोवळ्या पानांत मला भाजी बांधून दिली. एसटीत गर्दी, मी पुडी घट्ट धरून बसले, उतरले तर माझे तळहात तांबडे! आई घाबरली, म्हणाली रक्त कुठून आलं. मला एकदम आठवलं, गेल्या वर्षी ती पानं मुठीत चुरगळली त्या सकाळीही माझे हात असेच झाले होते. तेव्हा बाईंचं रक्त असेल म्हणून मी ते घासघासून धुतले होते. सागाचं कोवळं पान चोळलं की तांबडा रस सुटतो. आणि मग, शाम, मला चहाचा कप आठवला.

मी स्वतःला पुष्कळ समजावलं. संशयाने घर बुडतं असं आजी म्हणायची. तू पाटी रंगवत होतास, तू तसं म्हणालाही होतास. मग मी पाटीपाशी गेले. आपली पाटी हिरवी आहे, अक्षरं पांढरी. नखाने खरवडून बघितली, खाली जुना निळा रंग. कॅम्पच्या शेडमध्ये जाऊन रंगाचे डबे बघितले. तांबडा डबा आपण कधी घेतलाच नव्हता. मग ते आठ दिवस आठवले, जवळची वाट, दोन बॅचेस, कमळूदादाचं नाही नाही. तांदळाचं पोतं आठवलं. फोनवरचं तुझं गप्प होणं आठवलं. पावसाळा संपल्या संपल्या तू घाईने मुरबाडकडे का गेलास, तेही. चांगला चाललेला कॅम्प कुणी सोडतं का? मला वाटत नाही की तुला कुणाला पाडायचं होतं. तुला वाट आजमावून बघायची होती, खुणा करून ठेवल्यास, मग खर्डीहून फोन आला, आणि पानं काढायची राहिली. एवढंच झालं असेल. एवढंच असेल तर मी दुसऱ्याच दिवशी तुझ्या शेजारी उभी राहिले असते. पण तू देवळात उठलास आणि ते सोन्यासारखं वाक्य बोललास.

मी चुकत असेन तर मला सांग. माझ्याइतकं चुकणारं माणूस नाही, देवजीला विचार. तुझी बोटं कशाने तांबडी झाली होती, ते एक सांग, मी कान धरून तुझ्या पाया पडेन आणि मुरबाडला नांदायला येईन. गणपतीत तू बोलत होतास तेव्हाही मी तुझ्या हातांकडेच बघत होते, आणि तुला वाटलं मी लाजतेय. मला तू आवडतोस, शाम. हे लिहायला मला कसली चोरी नाही. तू नसलास की तळं मला नुसतं पाणी वाटतं.

आता पत्राचं कारण. येत्या रविवारी मारुतीच्या देवळात समिती बसणार आहे, थंडीच्या हंगामाचे गाईड ठरवायला. ठरलेल्यांत कमळूदादाचं नाव आलं नाही, तर भट्टीचा मुकादम दिवाळीनंतर त्यांना घेऊन जाणार, आणि सावळी पुन्हा विटा उचलणार. म्हणून मी उठणार आहे आणि कवळीची रीत सगळ्यांना सांगणार आहे. चांगोबाबा माझ्या शेजारी उभा राहायला तयार आहे. कमळूदादाची ती पानं नव्हती, इतकं मी सांगेन. मग कुणीतरी विचारेलच, कुणाची होती. तिथे मी गप्प बसणार आहे. तुझं नाव माझ्या तोंडून यायचं नाही, ते तुझं तू घ्यायचंस. मुरबाडहून किन्हवलीमार्गे सकाळची एसटी आहे, तू वेळेत पोचशील. दिवाळीच्या आत मागितलेलं उत्तरही तिथेच मिळेल, सगळ्यांसमोर, आणि ते काय असेल ते तू उठतोस की नाही यावर आहे. पाकिटात सागाचं एक कोवळं पान ठेवलंय, कवळी झाल्यानंतर तोडलेलं, सोमीवहिनीला विचारून. वाळलं असेल. थोडं पाणी लाव, बोटांत चोळ आणि बघ.

रविवारपर्यंत तरी तुझीच,
रंजिता